घरच्या माणसाचं नाव

"घरी कोनी नाई," प्रयागबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर आडवी बसली.

ती अशी बसली म्हणजे दार लागलं. सालईमेट्यातल्या घरांना कुलूप-कडी काही नव्हतं, घरातली म्हातारी हीच कडी. रुपराव मेश्रामने खांद्यावरची खाकी पिशवी ओट्यावर टेकवली, रुमालाने मान पुसली आणि ठरलेले प्रश्न सुरू केले.

"ताप कोनाले?"

"नाई."

"थंडी वाजून येते काय कोनाले?"

"नाई म्हनलं ना जी. सारे बरे हायेत."

तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं. चांगलं छातीतून, दमदार खोकलं.

"मंग हे खोकलं कोन?"

"बकरी."

रुपरावने बकरीकडे पाहिलं. ती अंगणात खुंट्याला बांधलेली होती आणि निवांत रवंथ करत होती. प्रयागबाईनेही तिच्याकडे पाहिलं.

"दुसरी," ती म्हणाली.

रुपरावला राग आला, पण तो दाखवायची सोय नव्हती. नागपूरहून पहिली एसटी पकडायची, देवलापारच्या पुढे उतरायचं, नाल्याच्या काठाने चालायचं, मग टेकडीचा उभा चढ. एवढं करून माणूस वर येतो आणि त्याला बकऱ्या दाखवतात. त्याने दाराशेजारच्या भिंतीकडे नजर टाकली. मागच्या खेपेला गेरूने लिहिलेली तारीख आणि खाली 'रु. मे.' ही त्याची सही गायब होती. भिंत ताज्या पांढऱ्या मातीने लिपलेली होती, बोटांच्या कमानी अजून ओल्या होत्या. नुसती सही गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण पावसाच्या तोंडावर फवारणीवाली माणसं घराघरातून डासांचं औषध मारून गेली होती, त्याचा थरही मातीखाली गेला होता. आता डास भिंतीवर टेकणार, विसावा घेणार आणि ताजेतवाने होऊन माणसांना चावणार.

"भित काहून लिपली वं माय?"

"सन हाये."

"कोन्ता सन?"

"हाये एक."

रुपरावने पिशवी उचलली. पुढच्या घरीही सण होता. त्याच्या पुढच्या घरीही.

रुपराव मलेरियाच्या कामावरचा घरोघर फिरणारा माणूस. दर पंधरवड्याला गावात जायचं, ताप कोणाला ते विचारायचं, ज्याला असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराशेजारी तारीख घालून सही करायची. या सहीला फार मोल होतं. तपासणीला येणारे साहेब माणसांना काही विचारत नाहीत, भिंतींना विचारतात. भिंतीवर तारीख आहे म्हणजे माणूस येऊन गेला, नाही म्हणजे घरी बसून पगार खाल्ला. सालईमेट्याच्या भिंती रुपरावबद्दल एक अक्षर बोलायला तयार नव्हत्या.

गाव टेकडीच्या माथ्यावर, सागाच्या आणि सालईच्या जंगलात. मातीने लिपलेल्या कुडाची घरं, कोदो-कुटकीची शेतं, पाण्याला एक झिरा. उन्हाळ्यात बायका त्या झिऱ्यात वाटी बुडवून बुडवून घागर भरत. पावसाळ्यात नाला फुगला की गाव सगळ्या जगापासून तुटायचं, आणि त्याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. मिठाला खालचा बाजार, त्याच्या बदल्यात मोहफुलं आणि चारोळी. बाई अडली किंवा कोणाला साप चावला तर बाजेवर घालून खाली न्यायचं, आणि खाली पोहोचेपर्यंत बहुधा परत फिरायची वेळ येई. सरकार म्हणून वर चढून यायचे ते जंगलाचा गार्ड, निवडणुकीची पेटी आणि रुपराव. गार्ड कोंबड्या न्यायचा, पेटी मतं न्यायची आणि रुपराव रक्त. गावाने तिघांना एकाच ओळीत बसवलं होतं, आणि त्यात गावाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

पहिल्यांदा तो वर आला तेव्हा गावचा म्हातारा धोंडबा उईके मोहाखाली बसला होता. गावात बोलणं गोंडीत चाले, पण खालच्या माणसाशी बोलायला धोंडबाला नागपूरकडची बोली येत होती. त्याने नाव विचारलं.

"मेश्राम? मेश्राम त आमच्यातबी हायेत. ते सात देवाचे. तुमी किती देवाचे?"

गोंडांत हे पहिलं विचारतात. कोण भाऊ, कोणाशी सोयरीक, सगळं त्यावर ठरतं.

"आमी बौद्ध, जी," रुपराव म्हणाला. "देव आमी छप्पन सालीच सोडले, नागपुरात."

धोंडबा विचारात पडला. "सोडले? मंग ते गेले कुठं?"

रुपरावला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. दीक्षा घेतली तेव्हा नाही, त्यानंतर कोणत्या सभेत नाही. तो नुसता हसला, आणि तिथेच फसला. सोडलेले देव रिकामे बसत नाहीत, सोडणाऱ्याच्या मागे मागे हिंडतात, आणि हा माणूस नेमका आपल्या गावात चढून आला आहे, असं गावात ठरलं. त्याच्या खाकी पिशवीला पोरं कित्येक महिने हात लावत नव्हती.

देवांचा संशय तरी परवडला. खरा घोळ त्या वर्षीच्या चैत्रात झाला. आणीबाणी चालू होती. जिकडेतिकडे नसबंदीची शिबिरं लागलेली, ज्याच्या हाताखाली चार माणसं त्याच्या मानेवर केसेसचा आकडा. एक दिवस नाल्यापर्यंत जीप आली. जीपमधली माणसं वर चढली, रुपरावने पहिल्या खेपेला मोजणीसाठी भिंतींवर घातलेले घरांचे नंबर वाचत दारोदार गेली आणि पोरंबाळं असलेल्या काही बाप्यांना नावानिशी हाका मारून खाली घेऊन गेली. ते बापे हातात एकेक घोंगडी घेऊन परत आले. त्यातल्या एकाची जखम चिघळली, तो पावसाळा लागेपर्यंत उठला नाही.

जीपवाल्यांशी रुपरावचा काडीचा संबंध नव्हता. पण नंबर त्याच्या हातचे होते. गावाने सरळ हिशेब केला: हा लिहितो, मग ते येतात. त्या दिवसापासून त्याने लिहिलेलं उन्हं कलायच्या आत लिपलं जाऊ लागलं. बापे आजारी पडले की घरात दडू लागले. आणि गावाने एक नेम करून टाकला. वर चढून आलेल्याने कोणाचं नाव काढलं, की असा माणूस इथे नाही, कधी पाहिला नाही, एवढंच बोलायचं.

रुपरावचाही गावावर भरवसा नव्हता. तो पाण्याची बाटली घरून आणायचा. गावातल्या कोणी त्याला कधी पाणी विचारलं नाही, आणि त्याने मागितलं नाही. लहानपणी तो ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी पुष्कळ प्याला होता. इथल्यांनीही आपली जात कशी कोण जाणे हुंगलेली दिसते, अशी त्याची खात्री होती. मोहाखाली बसून तो आपल्या बाटलीतलं पाणी पिई, आणि दारादारातून डोळे त्या बाटलीकडे बघत.

नागपुरात इंदोऱ्याला त्याचं घर. बायको जयवंता त्याच्या पायाला तेल चोळता चोळता म्हणायची, "तुमीच एक काहून वर जाता जी? बाकीचे लोक त खालच्या बाजारात बसूनच गावं उरकवतात म्हन्ते."

"अन साहेब गेला वर एखाद दिवशी, मंग?"

"साहेब कायले चढते?"

"साहेबाचा काय भरोसा?"

रुपराव काही फार मोठा कर्तव्यदक्ष वगैरे नव्हता. तो संशयी होता, एवढंच. बाप गिरणीत खोकून खोकून गेला होता. घरातली ही पहिली सरकारी नोकरी, आणि शेजारणींशी बोलताना जयवंता 'आमच्या इकडचे' म्हणायच्या आधी 'गौरमेंटात' म्हणायची. त्या वर्षी तर सहीच्या एका फटकाऱ्याला माणसं घरी बसत होती. कोण कोणाचं नाव वर कळवील याचा नेम नव्हता. म्हणून तो चढत होता.

आश्विनात तो गेला तेव्हा झिऱ्यावर प्रयागबाईची सून सुभद्रा दिसली. कडेवरच्या पोराचं पोट तापाने वाढलेल्या पानथरीने टरटरलेलं, हातपाय काटक्या. रुपरावला बघताच तिने पदर ओढला आणि घागर अर्धी टाकून निघून गेली. तो घराशी पोहोचला तर प्रयागबाई उंबऱ्यावर होती, पण 'घरी कोनी नाई' हे म्हणाली नाही. आतून कण्हण्याचा आवाज येत होता.

"बकरी लय कन्हून राहिली वं माय," रुपराव म्हणाला.

तिचे डोळे सुजलेले होते. रुपराव अंगणातच मांडी घालून बसला.

"मी आज जात नाई. पाहू दे मले."

"तू लिवशील."

"लिवाच लागते. नाई लिवलं त माही नोकरी जाते."

"तू लिवतं, मंग जीप येते."

"ते जीप माही नोहोय, माय."

"सारे असेच म्हन्तात."

आतलं कण्हणं थांबलं आणि दात वाजू लागले. तो आवाज अंगणापर्यंत आला. प्रयागबाईने एकदा आत पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग उंबऱ्यावरून सरकली. अगदी थोडी. रुपराव आडवा होऊन आत शिरला.

धान्याच्या बांबूच्या ढोल्यामागे तिचा एकुलता एक लेक लहानू पडला होता. त्याच्या अंगावर घरातल्या सगळ्या चिंध्या होत्या आणि त्या सगळ्या थरथरत होत्या. रुपरावने त्याचं बोट धरलं, कापसाने पुसलं, सुई टोचली. लहानूने डोळेही उघडले नाहीत. रक्त पट्टीवर घेऊन रुपरावने गोळ्या काढल्या, तर प्रयागबाईने त्याचं मनगट धरलं.

"आंधी तू खाय."

"मले ताप नाई वं."

"खाय म्हनलं ना."

त्याने एक गोळी जिभेवर ठेवली आणि बाटलीकडे हात नेला.

"त्या पान्यानं नाई. आमच्या."

तिने पाण्याचा तुंबा त्याच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. रुपराव त्या तुंब्याकडे बघतच राहिला. तोंडात गोळी विरघळून कडू जहर झाली तरी बघत राहिला.

"पी ना," प्रयागबाई म्हणाली. "आमचं पानी पीत नाई तू. आमी समजलो, तुले आमी खालचे वाट्टो."

रुपरावला हसू आलं. इतके दिवस ते त्याच्या बाटलीकडे का बघत होते ते त्याला आता कळलं. तो तुंबाभर पाणी प्याला.

लहानूला गोळ्या देऊन झाल्यावर प्रश्न आला लिहिण्याचा. प्रयागबाई पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. रुपराव गेरूचा खडा हातात घेऊन भिंतीसमोर उभा. लिहिलं तर ही लिपणार, पुढच्या फवारणीचं औषधही जाणार, आणि पुढच्या खेपेला पोराची पाळी. नाही लिहिलं तर नोकरी.

"असं कर," तो शेवटी म्हणाला. "मी लिवतो. मी पाठ फिरवली का तू पुसून टाक. जेवढं लिवलं तेवढंच. पन भित नको लिपू. फवारावाले आता पुन्हा येतीन, ते पांढरं औषध राहू दे जसंच्या तसं. त्यानं डास मरते, तुहा लेक वाचते."

बोलून झाल्यावर, आपलीच सही पुसायला आपण सांगितली, हे त्याच्या ध्यानात आलं. पण बोललेलं तोंडातून गेलं होतं. आपण तर लिहितो ना, मग आपलं काम झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. नाही घातली असती तर खाली उतरताना पाय चालले नसते.

"अन ते काचेवर नाव?" प्रयागबाईने विचारलं.

"नाव तू सांगशील ते."

तिने विचार केला. "सुभद्रा."

रुपरावने ढोल्याकडे पाहिलं. ढोल्यामागे पडलेल्या सुभद्रेला चांगली दाढी होती. त्याने पट्टीच्या चिठ्ठीवर सुभद्रा असं लिहिलं.

दुपारपर्यंत ही बोली गावभर झाली. घरोघरचे ढोले सरकले, माळ्यांवरून बापे खाली उतरले. रुपरावने बोटं टोचली आणि जी नावं सांगितली ती लिहिली. खुद्द धोंडबाने गंभीर चेहऱ्याने आपलं नाव रंभाबाई सांगितलं. फवारणीची माणसं येऊन गेली, आणि त्या खेपेला कोणाच्याही घरी सण नव्हता. भिंतींवरचा पांढरा भुगा तसाच राहिला. कार्तिक लागेपर्यंत लहानू उठून शेतात जाऊ लागला. सुभद्रेच्या पोराचं पोट हळूहळू बसत आलं. रुपराव दिसला की पोरं पुढे पळत जाऊन वर्दी देऊ लागली, त्याची पिशवीसुद्धा धरू लागली. त्याला हे सगळं गोड वाटत होतं. पण प्रत्येक खेपेला टेकडी उतरताना तो मागे वळून बघायचा, दारादारात ओलं फडकं घेतलेल्या बायका दिसायच्या, आणि तो झपाझप उतरू लागायचा.

मार्गशीर्षात तो वर पोहोचला तर मोहाखाली खुर्ची होती. धोंडबाच्या घरची, गावातली एकुलती एक. तीवर तपासणीचे मनोहरराव साहेब बसले होते. बुटांना चिखल, शेजारी शिपाई. जीप नाल्यापाशी ठेवून आले असणार.

"या, मेश्राम," साहेब म्हणाले. "तुमचीच वाट बघतो आहे. मला एक सांगा, या गावात पुरुषांना ताप येत नाही का?"

रुपरावने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "येते साहेब. कमी येते."

"सगळ्या पट्ट्या बायकांच्या. खालच्या बाजारात मोहफुलं विकायला बसतात त्याच ना या बायका? तिथेच टोचायचं, गावाचं नाव घालायचं. चढ वाचतो."

"नाई साहेब. मी येतो. दर खेपेला येतो."

"मग भिंती दाखवा."

ते घरोघर फिरले. दाराशेजारी हाताएवढे पुसल्याचे डाग होते, अक्षर एकही नव्हतं.

"बाया पुसून टाकतात, साहेब."

"का?"

याचं उत्तर रुपरावपाशी होतं, पण ते जीपपाशी जाऊन पोहोचत होतं. "आदत हाये त्याह्यची," तो पुटपुटला. शिपायाने तोंडावर हात धरला.

साहेब दुष्ट नव्हते. त्यांच्याही वर कोणीतरी होतं, त्यांच्याही मानेवर आकडा होता. शिपायाने घरोघर फिरताना रुपरावच्या कानात सांगूनच टाकलं होतं, की महिना संपत आला आणि साहेबांच्या नसबंदीच्या दोन केसेस अजून कमी आहेत. पण रुपरावसारख्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "गावालाच विचारू. एकाने जरी सांगितलं की हा माणूस इथे येतो, तरी मी आलो तसा खाली जाईन."

रुपरावचा जीव भांड्यात पडला. धोंडबा समोरच उभा होता.

"काय हो आजोबा, याला ओळखता?"

धोंडबाने रुपरावला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाई जी. ह्या मानसाले कदी पायलं नाई."

म्हाताऱ्याने थट्टा केली असं रुपरावला वाटलं. तो हसणार होता. पण धोंडबाचा चेहरा तसाच होता, नाव रंभाबाई सांगितलं तेव्हा होता तसा. साहेब पुढे गेले. प्रयागबाई उंबऱ्यावर आडवी बसली होती.

"बाई, हा माणूस तुमच्याकडे येतो?"

प्रयागबाईने रुपरावच्या डोळ्यांत बघितलं. "कोन हाये हा?"

"मलेरियाचा. गोळ्या द्यायला येतो म्हणतो."

"कोनी येत नाई आमच्या इथं."

तेव्हा रुपरावला कळलं. ही थट्टा नव्हती, वैरही नव्हतं. गाव आपला नेम पाळत होतं. इतके दिवस गाव ज्यांच्यापुरता तो नेम पाळत होतं, त्यांत आता रुपरावचं नाव घातलं गेलं होतं. केव्हा घातलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आतून खोकल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"बकरी."

साहेब उंबऱ्याकडे बघत राहिले. मग रुपरावकडे वळले. त्यांना एकदम युक्ती सुचल्यासारखं झालं होतं.

"मेश्राम, तुम्ही दर खेपेला येता ना? मग तुम्हीच सांगा. या घरात कोण कोण राहतं? नावं सांगा, मी आत जाऊन बघतो. बरोबर निघालं तर मानतो तुम्हाला."

रुपरावच्या जिभेवर नाव होतं. लहानू उईके, वय अमुक, पोरं दोन, ढोल्यामागे बघा, डाव्या हाताच्या बोटावर माझ्या सुईचे टोचे आहेत. एवढं बोललं की नोकरी वाचत होती. जयवंतेचं 'गौरमेंटात' वाचत होतं. आणि नाल्यापाशी जीप उभी होती. प्रयागबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती बकरीकडे बघत होती, जशी काही तिला कशाचीच काळजी नाही.

"मले नाई मालूम, साहेब," रुपराव म्हणाला.

"मालूम नाही."

"नाई साहेब."

साहेबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं. समोरचा माणूस निदान खोटं तरी नीट बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. "उद्या ऑफिसात या. पिशवी, सुया, सगळं जमा करा. पुढचं काय ते कागद आल्यावर कळेल." एवढं बोलून ते उतरणीला लागले. शिपाई मागे वळून वळून बघत होता.

ते दिसेनासे झाले तशी घरं उघडली. रानातून बापे आले. लहानू अंगावरचा कोंडा झटकत बाहेर आला. धोंडबाने खुर्ची उचलून काखेत मारली.

"गेला," प्रयागबाई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. इतक्या दिवसांत रुपरावने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. "कितीक खोदून खोदून विचारत होता. आमी सांगतलं नाई."

रुपरावला वाटलं ओरडावं. अगं बये, आयुष्यात एकदा, फक्त आज, सांगायचं होतं. एवढी चढण चढलो, पायाची साल गेली, तुझ्या लेकाच्या तोंडात गोळ्या घातल्या, आणि तू म्हणालीस हा कोण. घरी जाऊन जयवंतेला काय सांगू? त्याने तोंड उघडलं.

"घरच्या मानसाचं नाव कोनी सांगते काय गा?" प्रयागबाई म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच 'गा' म्हणाली होती, घरच्या बाप्याला म्हणतात तसं.

रुपरावने तोंड मिटलं. मग म्हणाला, "नाई सांगत. बरं केलं माय."

तिने त्याला आत बसवलं, ढोल्याशेजारी. पळसाच्या पानावर कोदोचा भात आणि उडदाचं वरण वाढलं. सुभद्रेचं पोर त्याच्या मांडीला टेकून बसलं आणि पिशवीचा बंद ओढू लागलं.

"कोन होता तो?"

"साहेब."

"काय पाहिजे होतं त्याले?"

रुपरावने भात कालवला. "काई नाई. वाट चुकला होता."

ती हसली आणि त्याला आणखी वाढलं. तो जेवला. पानावर शीत ठेवलं नाही.

हात धुऊन तो उठला. उद्या जमा करायची पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर येऊन सवयीने विचारलं, "ताप कोनाले?"

"लहानूले सकाळपासून कनकन हाये," प्रयागबाई म्हणाली. "पोट्ट्याले नाई."

त्याने लहानूचं बोट टोचलं, गोळ्या दिल्या. मग गेरूचा खडा काढला आणि दाराशेजारी, आजूबाजूचा पांढरा भुगा न सांडता, तारीख घातली. खाली 'रु. मे.' लिहिलं. सही आज कोणासाठी करतो आहोत ते त्याला सांगता आलं नसतं. अक्षर मात्र त्याने नेहमीपेक्षा नीट काढलं. प्रयागबाई शेजारी ओलं फडकं घेऊन उभी होती. त्याचं लिहून होईस्तोवर ती थांबली.

"झालं काय?"

"झालं."

तो पुढच्या घराकडे वळला. त्याच्या मागे तिने ती अक्षरं पुसून टाकली, जेवढी लिहिली होती तेवढीच.